शून्यावरची रेघ आणि आमचं ताट

'लाइफस्टाइल' हा शब्द मराठी वर्तमानपत्रात पहिल्यांदा कुणी छापला ते जाऊ द्या. ज्याला 'लाइफ'ची भ्रांत नव्हती अशाच कुणाचं ते काम असणार. आमच्या बापजाद्यांनी मेलेलं ढोर ओढलं, सोललं, फाडलं, त्याच्या चान्या करून दोरीवर वाळत घातल्या आणि पावसाळ्याची बेगमी केली. जगण्याची एवढी पक्की रीत, पण तिला कुणी स्टाइल म्हटलं नाही. विटाळ म्हटलं.

आज या लाइफस्टाइलची पानं आणि व्हिडिओ कसे ठरतात, हे आपल्या पोरांनी नीट समजून घेतलं पाहिजे. कारण आपली बरीच शिकलेली पोरं त्याच कारखान्यात 'कंटेंट' पाडण्याच्या पाळीवर लागली आहेत. तिथला संपादक आता मिशीला पीळ देत विषय ठरवत नाही. तो आलेख उघडतो. गूगल ट्रेंड्स नावाचं यंत्र 2006 पासून फुकट आहे. शब्द टाकला की लोकांनी तो कधी, कुठल्या राज्यात, किती शोधला याची रेघ समोर येते. रेघ दरवर्षी कोणत्या महिन्यात चढते ते पाहायचं आणि त्याच्या महिना-दीड महिना आधी माल तयार ठेवायचा. श्रावणाआधी उपवासाचे वडे, दिवाळीआधी चकलीची भाजणी, लग्नसराईआधी मेहंदी. धंदा म्हणून यात वावगं काही नाही. कोळीसुद्धा भरती-ओहोटी बघूनच होडी लोटतो.

पण ही रेघ काय मोजते? तिच्यावरचा 100 हा आकडा माणसांचा नाही. ज्या आठवड्यात शोध सर्वांत जास्त झाला तो आठवडा 100, बाकीचे त्याच्या मानाने. दोन शब्द शेजारी टाकले तर मोठ्या शब्दापुढे लहान शब्दाची रेघ जमिनीला चिकटते. आणि 0 आला तर? पुरेसा डेटा नाही, एवढाच त्याचा अर्थ, असं गूगल स्वतःच सांगतं. पण बैठकीत बसलेला शहाणा त्याचा अर्थ लावतो, की असं कुणी खातच नाही, असं कुणी जगतच नाही. पूर्वी गावकुसाबाहेर ठेवायला दगडी भिंत लागायची. आता एक शून्य पुरतं.

आता हा शून्य येतो कसा, तेही बघा. वजडी कशी साफ करायची हे आमची आई गूगलला विचारत नाही. ती तिच्या आईकडून शिकलेली असते. माणूस शोधतो ते त्याला येत नसलेलं. म्हणजे जे हाताला पक्कं येतं त्याची आलेखात नोंदच नाही! शिवाय शोधायला फोन लागतो, तोही स्वतःचा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, आयुष्यात एकदा तरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात 33 टक्के निघाल्या आणि पुरुष 57 टक्के. चूल बाईकडे, फोन बाप्याकडे. आता सांगा, स्वयंपाकाचा कल कुणाला विचारला?

तिसरी गोष्ट स्पेलिंगची. मोदकाला एक नाव, एक स्पेलिंग, वर शंभर वर्षांची पाकपुस्तकं. आमच्या पदार्थाला प्रत्येक जिल्ह्यात वेगळा उच्चार. कुणी देवनागरीत लिहिणार, कुणी इंग्रजी अक्षरांत, तेही चार तऱ्हांनी. शंभर माणसांनी विचारलं तरी ती दहा ठिकाणी दहा-दहा होऊन सांडतात. आणि चौथी गोष्ट भीती. मार्च 2015 पासून या राज्यात गाय, बैल, वळू, सगळ्यांच्या कत्तलीला बंदी आहे. परराज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा नाही, असं 2016 साली मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, तेव्हा कुठे घरातल्या डब्याला थोडा श्वास मिळाला. अशा राज्यात कोण उघडपणे कृती विचारणार, आणि कोण छापणार?

म्हणजे छापत नाहीत म्हणून कुणी शोधत नाही, आणि कुणी शोधत नाही म्हणून छापत नाहीत. वर्णव्यवस्थेचा जुनाच घाणा, फक्त आता तो विजेवर चालतो.

कुणी म्हणेल, वाचकाची मागणी बघूनच लिहावं ना? मित्रहो, 31 जानेवारी 1920 ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तेव्हा मागणीची रेघ कुठे होती? ज्यांच्यासाठी काढला त्यातल्या बहुतेकांना अक्षर वाचता येत नव्हतं. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्याची साधी जाहिरात छापली नाही. आजचा कंटेंट मॅनेजर तिथे असता तर म्हणाला असता, साहेब, या विषयाला व्हॉल्यूम नाही. 2015 साली शाहू पाटोळ्यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं ताट पुस्तकात मांडलं, तेही कुठल्या आलेखाने मागितलं नव्हतं. 2024 ला त्याचं इंग्रजी पुस्तक झालं आणि मग इंग्रजी पेपरांच्या त्याच लाइफस्टाइल पानांना चान्या दिसल्या. आधी लिहिलं गेलं, मग दिसलं.

आणि रेघ आपोआप चढते हेही थोतांडच. भाकरीचंच घ्या. 1972 च्या दुष्काळात रेशनवरचा तांबडा मिलो आणि कामावरची सुकडी खाऊन आमची माणसं खडी फोडत होती. भाकरी-ठेचा म्हणजे तेव्हा दारिद्र्य. पुढे भारत सरकारने प्रस्ताव मांडला, संयुक्त राष्ट्रांनी 2023 हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं, आणि तीच ज्वारी-बाजरी 'मिलेट' होऊन काचेच्या बरणीत बसली. ती चढ लोकांच्या पोटातून आली नव्हती, वरून चढवलेली होती. फेअर अँड लव्हलीचंही तेच. 1975 पासून गोरेपणाची भूक जाहिरातीने पेरली, 2020 ला नावातला 'फेअर' काढला. पण पेरलेलं उगवतंच आहे, आणि आमच्याच काळ्यासावळ्या पोरी ते शोधतात.

आता आपल्या पोरांशी दोन शब्द. तुम्ही आलेख फेकून द्या असं मी म्हणत नाही. उलट तो त्यांच्याविरुद्ध वाचा. आंबेडकर हा शब्द त्यात टाका. दरवर्षी एप्रिलात रेघ उभी राहते, डिसेंबरात पुन्हा. एवढी ठरलेली, पंचांगासारखी पक्की चढ! तरी लाइफस्टाइलवाल्यांच्या कॅलेंडरात अक्षय्य तृतीया आहे, करवा चौथसुद्धा आहे, आणि 14 एप्रिल नाही. जयंतीला घराघरात नवे कपडे येतात, गोडधोड होतं, रंग लागतो. 6 डिसेंबरला पांढऱ्या साडीतल्या बाया चैत्यभूमीवर रांगेत उभ्या राहतात आणि परतताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. दसऱ्याला दीक्षाभूमीवर तेच. याहून मोठी लाइफस्टाइल कुठली दाखवता? इथे तर डेटाही आहे, गिऱ्हाईकही आहे. मग जे आडवं येतं त्याचं नाव घ्यायला यांची जीभ का अडखळते?

त्यांच्या कचेरीत नोकरी करता, करा, पोट आहे. पण तुमच्या स्वतःच्या चॅनेलवर पुन्हा पनीर टिक्काच करायचा असेल, कारण रेघ तिकडे आहे, तर ज्या आयांनी तुम्हाला रक्ती-वजडीवर वाढवलं त्यांना तोंड काय दाखवणार?

आमच्या पुढच्या एप्रिल अंकासाठी आम्ही काम काढलं आहे. घरातल्या म्हाताऱ्या बाईजवळ बसा, पदार्थाचं नाव ती उच्चारते तसंच लिहा, जिल्हा आणि तालुका घाला, मीठ-मसाल्याचं प्रमाण तिच्या मुठीत असेल तर मुठीतच सांगा. एकाच पदार्थाची सात नावं आली तर सातही छापू, शेजारी शेजारी, म्हणजे उद्या ज्याने ज्या नावाने शोधलं त्याला सापडेल. मजकूर फेब्रुवारी संपायच्या आत पाठवा.