‘थांबवा’ कोण म्हणणार?

साप्ताहिक सदर : बांधकाम आणि आपण

मोरगाव-सुपे पट्ट्यात ठिकठिकाणी नवे कॉलम उभे राहताना दिसतात. कुणाचं घर, कुणाचं मंगल कार्यालय, तर कुणी मयूरेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांसाठी खोल्या काढतंय. मालक बऱ्याचदा पुण्यात किंवा मुंबईत नोकरीला. नकाशा बारामतीच्या आर्किटेक्टचा, आरसीसी डिझाइन पुण्याच्या कन्सल्टंटचं, ठेका तिसऱ्याकडे आणि साईटवरचा सुपरवायझर या तिघांपैकी नेमका कुणाचा, ते कुणालाच धड सांगता येत नाही. यातला प्रत्येकजण आपापल्या कामात तरबेज असेलही. तरी मालकांना माझं सांगणं आहे की नकाशा, एलिव्हेशन आणि दर यांची बोलणी करण्याआधी एक प्रश्न विचारा. स्लॅबच्या दिवशी सळईत चूक दिसली आणि काँक्रीटची गाडी दारात उभी असली, तर ‘काम थांबवा’ असं कोण म्हणणार? आणि त्याचं ऐकलं जाईल का?

आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरच्या ऑफिसात भिंतीवर लावलेला रचनेचा तक्ता, म्हणजे ऑर्गनायझेशन चार्ट, याच प्रश्नाचं उत्तर देण्यासाठी असतो. पण बहुतेक तक्त्यांत वर कोण आणि खाली कोण एवढंच कळतं. कुणी काय ठरवायचं आणि काय अडवायचं, ते कळत नाही.

बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला असा तक्ता नवा नाही. नीरा डाव्या कालव्यावर बागायत करणाऱ्याला तो तोंडपाठ असतो. मंडळाला अधीक्षक अभियंता, विभागाला कार्यकारी अभियंता, उपविभागाला उपविभागीय अभियंता, शाखेला शाखा अभियंता, त्याखाली कालवा निरीक्षक आणि शेवटी पाटकरी. ही उतरंड टिकली, कारण ती पाण्याच्या वाटेने आखलेली आहे. कालव्याच्या कुठल्या तुकड्याची जबाबदारी कुणाची, हे ठरलेलं असतं. चारीला पाणी आलं नाही तर कुणाचं दार वाजवायचं, हे शेतकऱ्याला कळतं.

मोरगाव मात्र कऱ्हेकाठचं, जिराईत भागातलं. या पट्ट्याची भिस्त जनाई-शिरसाई आणि पुरंदर या उपसा योजनांवर आहे, आणि उपसा योजनेला एकच सरळ रेषा पुरत नाही. कालवा, तलाव आणि जलवाहिन्या सांभाळणारे स्थापत्यवाले, पंप सांभाळणारे यांत्रिकीवाले आणि वीज महावितरणची. प्रत्येकाचा साहेब वेगळा, पाणी मात्र एकच. पंप सुरू आहे पण वाहिनी फुटलेली आहे, किंवा वाहिनी ठीक आहे पण वीज नाही, अशा वेळी तिन्ही रेषा कुठे तरी एका माणसापाशी मिळाव्या लागतात. तो माणूस नेमलेला नसेल तर शेतकऱ्याच्या वाट्याला तीन दारं येतात.

आजची इमारत अशा उपसा योजनेसारखी आहे. पूर्वी एक कसबी गवंडी पायापासून कौलापर्यंत घर उभं करायचा. आता आर्किटेक्ट, आरसीसी, प्लंबिंग, वीज, लिफ्ट, अग्निशमन अशा सगळ्यांचं काम एकाच भिंतीत येऊन मिळतं. मोठ्या कंपन्यांनी यावर तीन रीती काढल्या. एक, कामाच्या प्रकारानुसार विभाग : डिझाइनचा वेगळा, ड्रॉइंगचा वेगळा, साईटचा वेगळा. दुसरी, प्रत्येक प्रकल्पाची स्वतंत्र तुकडी. तिसरी, दोन्हींचं मिश्रण, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात. त्यात आरसीसी इंजिनिअर आपल्या विभागप्रमुखाला बांधलेला असतो आणि त्या कामाच्या प्रकल्पप्रमुखालाही. पहिल्या रीतीत कसब वाढतं पण मालक टोलवला जातो. दुसरीत मालकाला एक माणूस मिळतो, पण एका तुकडीचा अनुभव दुसरीकडे जात नाही. तिसरीत दोन्ही साधतं, पण दोन साहेबांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कुणाचा, हे आधी लिहून ठेवलेलं असेल तरच.

असे तक्ते काढायला सुरुवात केली ती इंजिनिअरांनीच. १८५५ साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वेचे डॅनियल मॅकॅलम यांनी आपल्या कारभाराचा तक्ता काढवून घेतला. आधुनिक रचना-तक्त्यांत तो पहिला मानला जातो. तो झाडासारखा आहे. संचालक मंडळ मुळाशी, तळाला, आणि फांद्या वर पसरत गेलेल्या. मॅकॅलम यांचा विचार असा, की शेकडो मैलांच्या मार्गावर काय चाललं आहे ते तिथल्या अधिकाऱ्यालाच आधी कळतं. म्हणून रोजचे निर्णय त्याच्याकडे द्यायचे आणि माहिती मात्र नेमाने मुख्यालयाकडे पोचवायची. त्याच्या आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला. त्यातूनच पुढे सीओईपी झालं. हा वर्ग सुरू झाला तो सार्वजनिक बांधकाम खात्याला कामावर उभे राहणारे दुय्यम अधिकारी हवे होते म्हणून. साईटवरचा माणूस शिकलेला पाहिजे, ही गरज तेव्हाच ओळखली गेली होती. त्याला अधिकार किती द्यायचा, हा प्रश्न आपण अजून नीट सोडवलेला नाही.

तो सोडवला नाही तर काय होतं, हे कॅनडातल्या क्युबेक पुलाने दाखवलं. सल्लागार इंजिनिअर थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये होते. प्रकृतीमुळे ते पुलाच्या जागी जात नव्हते. साईटवर नॉर्मन मॅक्लूर हा तरुण निरीक्षक होता. पोलादी भाग वाकत चालल्याचं त्याने पाहिलं, कळवलं, आणि शेवटी तो स्वतः न्यूयॉर्कला गेला. कूपर यांनी तार केली ती पुलाच्या जागी नव्हे, तर पूल बांधणाऱ्या कंपनीच्या पेनसिल्व्हेनियातल्या कचेरीत. त्याच संध्याकाळी, २९ ऑगस्ट १९०७ रोजी, पूल कोसळला आणि ७५ कामगार गेले. चूक दिसली होती, सांगितलीही गेली होती. पण जागेवर काम थांबवण्याचा अधिकार असलेला जाणता माणूस तिथे नव्हता. चौकशी आयोगाने नेमकं त्यावरच बोट ठेवलं.

आपल्याला इतक्या लांब जायचीही गरज नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं आणि पुणं वाहून गेलं. पानशेतचं काम तेव्हा पुरं झालेलं नव्हतं. पाणी सोडायच्या मोरीच्या दरवाज्यांचं काम अर्धवट होतं आणि तरी त्या पावसाळ्यात धरणात पाणी साठलं. त्यामागची तांत्रिक कारणं चौकशीत निघाली. मला त्यातून दिसते ती रचनेची गोष्ट : तारीख पाळायचा रेटा वरून येतो, तेव्हा ‘हे अजून तयार नाही’ असं खालून म्हणणाऱ्याला तितकंच बळ तक्त्याने दिलेलं असलं पाहिजे.

म्हणून तपासणारा माणूस बांधणाऱ्याच्या हाताखाली नसावा. राज्याच्या पाटबंधाऱ्यांच्या कामात धरणांची संकल्पचित्रं नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेकडे होतात आणि गुणनियंत्रणाची यंत्रणा बांधकामाच्या विभागापासून वेगळी ठेवलेली आहे. ही तत्त्वं धरणाला लागू आहेत, तशीच दोन मजली घरालाही. सळई तपासणाऱ्याचा पगार ठेकेदार देत असेल, तर ती तपासणी झालीच नाही असं समजा.

लहान ऑफिसला यासाठी मोठा खर्च नाही. प्रत्येक कामासाठी एका पानाचा तक्ता करावा. मालक, आर्किटेक्ट, आरसीसी कन्सल्टंट, साईट इंजिनिअर, ठेकेदार, सगळ्यांची नावं त्यात असावीत. कुठलं ड्रॉइंग अंतिम हे फक्त एकानेच ठरवावं आणि प्रत्येक बदलाला क्रमांक व तारीख असावी. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात हॉटेलातले पादचारी पूल कोसळून ११४ माणसं मेली, ती टांगत्या सळ्यांच्या जोडणीतल्या एका बदलामुळे. तो बदल कागदांवर पुढे सरकला, गणित मात्र कुणीच केलं नाही. ड्रॉइंग व्हॉट्सअॅपवरून फिरतात त्या काळात हा धोका वाढला आहे. आणि शेवटी, त्या पानावर ठळक लिहावं : पाया, कॉलम आणि स्लॅब यांचं काँक्रीट अमुक माणसाच्या सहीशिवाय ओतायचं नाही, आणि तो नसेल तर अमुक.

कायद्याने वाट दाखवली आहे, पण पुरती नाही. आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आणि नोंदणी आहे. इंजिनिअरांसाठी देशभर लागू असा तसा कायदा नाही. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि सुपरवायझर यांची पात्रता व जबाबदारी सांगितली आहे. पण सही करणारा आणि साईटवर उभा राहणारा एकच असेल, किंवा निदान एकमेकांशी बोलेल, याची खात्री कुठलाही अर्ज देत नाही. ती खात्री ऑफिसच्या प्रमुखाने द्यायची आहे. आपल्या सर्वांत तरुण साईट इंजिनिअरला त्याने मालक आणि ठेकेदाराच्या समोर सांगावं, की तू काम थांबवलंस तर मी तुझ्या पाठीशी आहे, दिवस वाया गेला तरी. आणि मालकांनी असं सांगणारं ऑफिस निवडावं, मग त्याची फी थोडी जास्त का असेना.