विमानाच्या इंधनात साबणाचा भाऊबंद का मिसळतात?

अंधेरीच्या विमानतळावर खिडकीजवळची सीट मिळाली असेल, तर हे तुम्ही पाहिलं असेल. इंधन भरणारा माणूस आधी एका तारेचा चिमटा विमानाला लावतो आणि मगच होज जोडतो. पेट्रोल पंपावर टँकर रिकामा करतानाही आधी अर्थिंगची तार लावतात. कारण आहे स्टॅटिक, म्हणजे स्वेटर काढताना जे 'चट्' होतं ते. (मुंबईत स्वेटरची वेळ फारशी येत नाही, पण प्लास्टिकच्या खुर्चीवरून उठताना हा झटका बसलेले बरेच असतील.)

पण ही तार अर्धंच काम करते. ती गाडी आणि विमान यांच्यातला विद्युतभार समान करते. टाकीच्या आत, खुद्द इंधनात साठलेला भार मात्र तेलातूनच वाट काढत टाकीच्या भिंतीपर्यंत पोहोचावा लागतो. आणि तेल वीज वाहून नेत नाही, हे आपण शाळेत शिकलोय.

मग तेलात वीज येते कुठून?

पाण्यात मीठ टाकलं की त्याचे धन आणि ऋण आयन सुटे होतात, कारण पाणी त्यांच्यातली ओढ सुमारे ८० पट कमी करतं. रॉकेल, डिझेल किंवा विमानाच्या इंधनात ती जेमतेम निम्मी होते. पाण्यात दोन विरुद्ध आयन ०.७ नॅनोमीटर लांब गेले की एकमेकांच्या तावडीतून सुटतात. तेलात त्यासाठी साधारण २८ नॅनोमीटर लांब जावं लागतं. एकट्या चिमुकल्या आयनाला ते जमत नाही.

इथे सरफॅक्टंट कामाला येतात. हे साबणाच्या जातीचे रेणू. डोक्याला पाणी आवडतं, शेपटीला तेल. तेलात ते गोल करून बसतात, डोकी आत आणि शेपट्या बाहेर. या गोळ्याला मायसेल म्हणतात. त्याच्या पोटात आयन लपून बसतो आणि गोळ्याच्या जाडीमुळे विरुद्ध भाराचा आयन त्याला सहज गाठू शकत नाही. तरीही बहुतेक मायसेल भाररहितच असतात. एओटी नावाच्या, प्रयोगशाळांत खूप वापरल्या जाणाऱ्या सरफॅक्टंटच्या बाबतीत लाखात एखादाच मायसेल भारित सापडतो.

आता तेलात काजळीचा किंवा रंगाचा बारीक कण टाका. सरफॅक्टंट त्याच्या पृष्ठभागावर चिकटतो, तिथून प्रोटॉन घेतो किंवा तिथे देतो. सुटलेला आयन मायसेलच्या पोटात बसून निघून जातो आणि कणावर विरुद्ध भार उरतो. कण तोच ठेवून सरफॅक्टंट बदलला, तर भाराचं चिन्हही उलटू शकतं. हे नेमकं प्रोटॉनच्या देवाणघेवाणीने होतं की भारित मायसेलच कणाला चिकटतात, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

लोकलमध्ये कुणाच्या हातात किंडल दिसतं ना, त्याचा पडदा याच युक्तीवर चालतो. तेलात टायटॅनियम डायऑक्साइडचे पांढरे कण आणि काळे कण तरंगत असतात, दोघांवर विरुद्ध भार. वीज फक्त पान बदलताना लागते.

मग धोका कधी?

शुद्ध तेलात भार तयारच होत नाही. भरपूर वाहक तेलात तो तयार होतो आणि लगेच निघून जातो. धोका मधल्या स्थितीत आहे. अगदी थोडी अशुद्धी असलेलं इंधन वेगाने फिल्टरमधून गेलं की एका चिन्हाचे आयन फिल्टरवर अडकतात, दुसऱ्या चिन्हाचे टाकीत जातात आणि तिथे रेंगाळतात.

वीजवाहकता १ पिकोसीमेन्स प्रतिमीटर असेल, तर हा भार सुमारे एक तृतीयांशावर यायला १८ सेकंद लागतात. ती ५० असेल, तर अर्ध्या सेकंदापेक्षाही कमी. म्हणून जेट ए-१ इंधनात स्टॅटिकविरोधी द्रव्य घालतात तेव्हा वीजवाहकता ५० ते ६०० मध्ये ठेवायची, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. त्यासाठी पहिल्यांदा मिसळताना लिटरमागे जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम पुरतं. हे द्रव्य म्हणजेच आपला साबणाचा भाऊबंद. इतकं करूनही हे इंधन नळाच्या पाण्यापेक्षा कोट्यवधी पटींनी कमी वीजवाहक असतं.

डिझेलचं काय?

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून १० वर उतरलं. चर्चा सगळी धुराची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलला थोडीफार वीजवाहकता देणारी नैसर्गिक संयुगंही निघून जातात. म्हणजे हवेसाठी स्वच्छ झालेलं डिझेल भार जास्त वेळ धरून ठेवतं. ही बाजू सामान्य ग्राहकापर्यंत फारशी पोहोचलीच नाही, असं मला वाटतं. (ई२० पेट्रोलमध्ये उलट होतं, इथेनॉलमुळे वीजवाहकता वाढते.)

सगळ्यात नाजूक प्रसंग टँकर भरतानाचा. आधी पेट्रोल वाहिलेल्या टँकरमध्ये नंतर डिझेल भरलं, तर आत पेट्रोलची वाफ उरलेली असते आणि नव्या डिझेलसोबत विद्युतभार येतो. पेट घ्यायला एक ठिणगी पुरते. म्हणूनच अशा वेळी भरण्याचा वेग कमी ठेवतात आणि फिल्टरनंतर इंधनाला टाकीत पडण्याआधी साधारण ३० सेकंद उसंत देतात.

गाडी बंद पडली म्हणून पाण्याची रिकामी बाटली घेऊन पंपावर गेल्यावर कर्मचारी नाही म्हणतो, तेव्हा त्याच्याशी हुज्जत घालू नका. प्लास्टिकमधून भार जमिनीत जात नाही. इंधनासाठीचाच धातूचा कॅन न्या, तो हातात किंवा स्कूटरवर न धरता जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवूनच भरून घ्या.