खालाला कुणी विचारलं का?

अहमदपूरजवळच्या एका गावातल्या आमच्या नात्यातल्या खालाला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला, हे घरातल्या सगळ्यांना कळलं, फक्त तिला सोडून. मुलगा म्हणाला, "अम्मी घाबरेल." रिपोर्ट जावयाच्या खिशात राहिला. तिला सांगितलं, गाठ आहे, शेक द्यावा लागेल. शेक म्हणजे रेडिएशन. आठवड्यातले पाच दिवस आणि असे पाचेक आठवडे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "साध्या गाठीला रोज एवढ्या लांब कशाला? शेळ्यांकडे कोण बघणार?" आणि ती गेलीच नाही. मधले आठ दिवस वाया गेले. शेवटी नातीनेच खरं सांगितलं. खाला थोडं रडली, मग म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर शेळ्या आधीच बहिणीकडे ठेवल्या असत्या."

तिची चूक काय होती, सांगा. घरानं विचारलं नाही, दवाखान्यानंही नाही. बस किती वाजता मिळते, सोबत कोण येतं, मुक्काम कुठे, तपासायला लेडी डॉक्टर हवी का, हे केसपेपरवर कुठेच नव्हतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च भागतो, ही मोठी सोय आहे आणि ती नाकारायचं कारण नाही. पण उपचार अर्ध्यावर सुटतो तो पुष्कळदा अशा बारीक गोष्टींमुळे, आणि त्या माहीत असतात फक्त रुग्णाला.

आपल्याच भागात हे फार पूर्वी कुणीतरी ओळखलं होतं. बार्शीला 1987 साली ग्रामीण भागातली देशातली पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीसोबत परांडा आणि भूम हे तालुकेही त्यात होते. दवाखान्याच्या वहीत खेड्यातल्या बाईचं नाव सापडत नाही, कारण ती तिथवर पोचतच नाही. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले, पारावर बसले, बायकांशी बोलले, अंगावरून जाणं, पाळी गेल्यावर रक्त दिसणं याचा अर्थ समजावत राहिले. परिणाम असा झाला की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत दवाखान्यात येऊ लागल्या. एक नवं यंत्रही न आणता हे घडलं.

त्याच पायावर 1999 मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवात, फार मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचं टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे त्यात होते. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांहून जास्त बायका, गावांचे 52 समूह. काही समूहांत एचपीव्ही विषाणूची तपासणी झाली, काहींत पेशींची, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी. चौथ्या गटात तपासणी नव्हती, फक्त माहिती देऊन नेहमीच्या सोयींवर सोडलं होतं. 2009 मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्हीच्या एकाच तपासणीनं या आजाराचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एचपीव्ही गटात 34 मृत्यू, चौथ्या गटात 64. आज जगभर ही तपासणी पुढे रेटली जाते, तेव्हा परांडा-भूमच्या आसपासच्या या बायकांचा दाखला दिला जातो.

पण त्या चौथ्या गटाचं काय? तुलनेसाठी बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, असा प्रश्न नंतर भारतातल्या अशा अभ्यासांवर उठला. संशोधकांचं म्हणणं असं की तेव्हा इथे तपासणीची सोयच नव्हती. जे होतं तेच त्यांना मिळालं. हे उत्तर खोटं नाही, तरी आमचं मन त्यावर बसत नाही. अभ्यास आखताना त्या गावांतल्या दोन-चार बायका टेबलाशी बसल्या असत्या, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला असता: आमच्या गावाची पाळी कधी?

बायकांना विचारलं की काय बदलतं, याचं एक उदाहरण समोर आहे. एचपीव्ही तपासणीसाठी नमुना बाईला स्वतःच घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 च्या मार्गदर्शनात ती मुभा दिली. परक्यासमोर अंग उघडं करायचं नाही म्हणून जिनं आयुष्यभर तपासणी टाळली, तिच्यासाठी याहून मोठी सोय कोणती? आपल्या घरांत हयेचं कारण पुढे करून तपासणी टाळली जाते. हया आणि तपासणी यांचं भांडण नाही, पद्धत बदलायची गरज होती.

2007 पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात महाराष्ट्रात लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत उस्मानाबाद होतं. जनसुनवाईत गावकरी उभं राहून अधिकाऱ्यांना विचारत: औषध बाहेरून का आणायला लावलं, नर्सबाई कुठे आहे. रुग्ण कल्याण समित्याही आहेत. तिथे अधिकारी, पुढारी, संस्थांची माणसं असतात. कर्करोगातून उठलेली बाई बसलेली आमच्या तरी पाहण्यात नाही.

मशिदीत, जलशात आम्ही शूरेबद्दल भरपूर ऐकतो. कुरआनात त्या नावाची सूरहच आहे. हुदैबियाच्या अवघड प्रसंगी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत उम्मे सलमा (रजि.) यांचा सल्ला ऐकला आणि तसंच केलं, हेही मुलांना सांगतो. आणि घरी आल्यावर अम्मीचा रिपोर्ट खिशात ठेवतो.

खालाचा उपचार पुरा झाला, अल्हम्दुलिल्लाह. आता मोहल्ल्यातल्या बायका तिलाच विचारायला येतात: जळजळ किती दिवस होते, रोजे कधी धरले, नवरा काय म्हणाला. समितीवर तिला घ्यावं म्हणून आम्ही अर्ज लिहून ठेवला आहे. तिनं तो नातीकडून दोनदा वाचून घेतला आणि एक वाक्य वाढवायला लावलं: बैठक अकराला ठेवा, सकाळची बस त्याच्या आधी पोचत नाही.