खार

मराठीत ‘खार’ हा शब्द मोठा बहुरूपी आहे. एक खार झाडावर पळते आणि सेतुबंधनाच्या वेळी वाळूचे कण वाहून रामाकडून पाठीवर बोटे उमटवून घेते. दुसरे खार मुंबईत, लोकल थांबते तिथे. तिसरा खार लोणच्याच्या बरणीच्या तळाशी साचतो, आणि चौथा माणसे एकमेकांवर खातात. हे चारही अर्थ मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहून देते. मुले हसतात, मी पुढच्या शब्दाकडे वळते. यंदा भाद्रपदात मात्र तिसऱ्या आणि चौथ्या अर्थाची गाठ आमच्याच घरात पडली.

सासूबाईंना जाऊन दोन वर्षे झाली. जुने घर खालापूर तालुक्यात, महडच्या वरदविनायकाच्या वाटेवर. तिथे थोरल्या जाऊबाई राहतात. आम्ही कर्जतला. वाटण्या झाल्या तेव्हा तांब्याच्या बंबावरून चार शब्द झाले, त्यांतले दोन माझे होते. परसातला रायवळ आंबा जाऊबाईंकडे गेला, आणि त्याच आंब्याच्या कैऱ्यांचे, सासूबाईंनी शेवटच्या वैशाखात घातलेले लोणचे आमच्याकडे आले. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींवर खार खाऊन होतो. कर्जत-खोपोली गाडी पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत मला रोज कॉलेजात नेते. खोपोलीहून जुने घर ते किती लांब! पण दीड वर्षात माझी पावले तिकडे वळली नाहीत.

अशात एका रविवारी स्टुटगार्टहून पुतण्याचा फोन आला. जाऊबाईंचा मुलगा तो. ऑफिसातल्या मित्रांना त्याने जेवायला बोलावले होते. त्यांच्या सोयीसाठी त्यांच्याच देशातला आंबवलेला कोबी भरपूर आणून ठेवला, तर त्या लोकांनी आमटीभातच ओरपला आणि कोबी तसाच राहिला.

“काकू, मोठी बरणीभर उरलाय. टाकवत नाही. काय करू?”

आता जर्मन कोबीशी माझा काय संबंध? पण कृती ऐकली आणि ओळख पटली. कोबी बारीक चिरायचा, किलोमागे वीस-पंचवीस ग्रॅम मीठ चोळायचे, सुटलेल्या पाण्यात दाबून वर वजन ठेवायचे आणि काही आठवडे वाट पाहायची. पानांवर मुळातच असलेले जंतू कोबीतल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात. दह्याला आंबटपणा येतो तो याच आम्लाने. म्हणजे मिठातल्या कैरीचा हा परदेशी मावसभाऊच. सावरक्राउट हे नाव कितीही भारदस्त असले, तरी अर्थ ‘आंबट कोबी’ एवढाच!

मग मी त्याला सांगितले ते तुम्हालाही सांगते. आपल्याकडे जर्मन कोबी नसेल, पण आंबट-खारट उरलेले काही ना काही प्रत्येक घरात असते.

पहिले थालीपीठ. एक वाटी कोबी पिळून बारीक चिरावा, दोन वाट्या भाजणी, एक कांदा, तिखट, हळद, तीळ. पिळून निघालेले पाणी टाकू नये, त्यातच पीठ भिजवावे. वरून मीठ मात्र घालू नये. इथेच सगळ्या फसतात. दुसरा झुणका. लसणीची खमंग फोडणी, तीत पिळलेला कोबी परतायचा, वर बेसन पेरून झाकण ठेवायचे. तिसरी तुरीच्या डाळीची आमटी. चिंच-आमसुलाचे काम कोबीच करतो, गूळ तेवढा विसरू नये. आणि चौथा, कर्जतकर म्हणून सांगते, बटाटेवडा. घाट चढण्यासाठी गाड्यांना मागून जादा इंजिने इथेच जोडतात, आणि त्या थांब्यात वड्यांवर किती पिढ्या पोसल्या याला गणती नाही. सारणात मूठभर आंबट कोबी घातला, तर लिंबू पिळायला नको. मात्र शिजवल्यावर त्यातले गुणकारी जंतू मरतात, म्हणून थोडा कच्चाही खावा. बुरशी धरलेला किंवा बुळबुळीत झालेला कोबी सरळ टाकावा. तिथे काटकसर नको.

एवढे सांगून झाल्यावर मी सहज विचारले, “अरे, आईला नाही का विचारलंस?”

“विचारलं ना. आई म्हणाली, काकूला विचार. खाराचं काय करायचं ते तिलाच ठाऊक, आजीनं तिलाच शिकवलं.”

मी फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्याशी उभी राहिले.

कॅप्टन कुक 1768 मध्ये ‘एन्डेव्हर’ जहाज घेऊन निघाला, तेव्हा हिरड्या सुजवणाऱ्या स्कर्व्हीवर उपाय म्हणून त्याने हाच कोबी बरोबर घेतला होता. खलाशी त्याला शिवेनात. कुकने सक्ती केली नाही. तो कोबी अधिकाऱ्यांच्या टेबलावर रोज वाढायला लावला. वरिष्ठ खातात हे पाहिल्यावर खलाशांनीही इतका मागितला, की पुढे तो मोजून द्यावा लागला. थोरल्यांनी आधी घास घेतला की धाकट्यांची अढी सुटते. आमच्याकडे तो घास थोरलीने घेतला होता. धाकटी अजून तोंड फिरवून बसली होती.

फडताळातून सासूबाईंची बरणी काढली. फोडी संपल्या होत्या. तळाशी चार बोटे खार, काळसर, दाट, मेथी-मोहरीने भरलेला. सासूबाई त्याचा थेंब वाया जाऊ देत नसत. पोह्यांना कच्च्या तेलाबरोबर खार, परतलेल्या तोंडल्यांत खार, शिळ्या भाताच्या फोडणीत खार. थंडीत गाजराच्या आणि ओल्या मिरच्यांच्या फोडी त्याच खारात मुरत. “लोणचं संपतं, खार संपत नसतो,” असे त्या म्हणत. मला वाटे, काटकसरीचे बोलणे आहे.

त्यातला अर्धा खार मी स्वच्छ, कोरड्या बाटलीत भरला आणि सोमवारी कॉलेज सुटल्यावर रिक्षाने जुन्या घरी गेले. जाऊबाई ओसरीवर तांदूळ निवडीत होत्या. बाटली पुढे केली. त्यांनी झाकण उघडून वास घेतला आणि पदर डोळ्यांना लावला. “आईंच्या हातचा,” एवढेच म्हणाल्या. चहा झाला. बंबाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तो अजून निघायचा आहे, आणि निघेल तेव्हा बहुधा पुन्हा चार शब्द होतील. सगळे मिटले असे मी म्हणणार नाही.

पण दिलेले भांडे रिकामे परत करू नये, ही आपल्याकडची रीत. पुढच्या आठवड्यात माझी बाटली परत आली ती मिठातल्या कैऱ्यांनी भरून. त्याच रायवळ आंब्याच्या.

त्या दिवशी मी सासूबाईंची बरणी अखेर रिकामी केली. उरलेला खार वाटीत काढला, बरणीत गरम भात घातला आणि भिंतींना लागलेला मसाला भाताने पुसून घेतला. आमच्या लहानपणी या भातासाठी भावंडांत मारामाऱ्या होत. भाताचे दोन वाटे केले. एक मुलांना दिला. दुसरा डब्यात भरून सकाळच्या खोपोली गाडीने घेऊन गेले.

बरणी धुऊन उन्हात ठेवली आहे. वैशाखात कैऱ्या जाऊबाईंच्या, मसाला माझा.