परक्याची मज्जा

मराठीत ‘मज्जा’ या शब्दाचे नशीब विचित्र आहे. शाळकरी पोराच्या तोंडी तो गंमत होतो, वैद्याच्या तोंडी सात धातूंमधला सहावा, आणि शास्त्राच्या पाठ्यपुस्तकात ‘मज्जासंस्था’, ‘मज्जारज्जू’ अशा रूपांनी तो मेंदूकडे नि पाठीच्या कण्याकडे वळतो. खरी मज्जा मटण खाणाऱ्याला चांगली ठाऊक असते. रश्श्यातली नळी ताटावर आपटून तो जो मऊ ऐवज बाहेर काढतो, तीच अस्थिमज्जा. आपले रक्त तयार होते ते असल्या मज्जेत.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर मज्जादाता दिन म्हणून पाळला जातो. त्या निमित्ताने या शब्दघोळाची आठवण करायची, कारण त्याची किंमत माणसे मोजतात. मज्जा द्यायची म्हटले की घरातले वडीलधारे पहिला प्रश्न विचारतात, ‘कण्यातून काढणार ना? पोरगं लुळं पडलं तर?’ आणि होकार देऊन बसलेला तरुण मागे फिरतो. मज्जादानाचा कण्याशी काहीही संबंध नाही. मज्जा घेतात ती कमरेच्या हाडातून, भूल देऊन. अलीकडे तर बहुतेकदा तेही करावे लागत नाही. पाच दिवस इंजेक्शने देऊन मज्जेतल्या मूळ पेशी रक्तात उतरवतात, मग एका हातातून रक्त यंत्रात घेऊन हव्या तेवढ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त दुसऱ्या हातातून परत देतात. चार-पाच तास पडून राहायचे. अंग दुखते, हाडे ठणकतात, काही दिवसांत थांबतात. दिलेल्या पेशी काही आठवड्यांत भरून येतात.

एवढ्या साध्या वाटणाऱ्या देण्यामागे जे संशोधन आहे, ते मात्र साधे नव्हते. त्याची सुरुवात अपयशाने झाली आणि ते अपयश पंधरा-वीस वर्षे पुरले.

परकी मज्जा लागते ती मुख्यतः ल्युकेमियासाठी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगासाठी. ल्युकेमिया म्हणजे मज्जेतला बिघाड. एक पेशी बिथरते, वाढत सुटते आणि चांगल्या पेशींना जागाच ठेवत नाही. शेतकऱ्याला सांगायचे तर रानात हरळी माजते. वरवर खुरपून ती जात नाही, मुळापासून काढायची तर सगळे रानच उलथावे लागते. डॉक्टरांनी तोच विचार केला. किरणांचा मारा करून रोग्याची मज्जा पार जाळून टाकायची आणि मग दुसऱ्याची निरोगी मज्जा शिरेतून सोडायची. ती रक्तातून फिरत आपली हाडातली जागा शोधते आणि तिथे रुजते. हे रुजणे आजही थक्क करणारे आहे. पत्ता कुणी सांगितलेला नसतो.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या छोट्या गावातल्या रुग्णालयात ई. डॉनल थॉमस यांनी हे माणसांवर करून पाहिले आणि १९५७ साली सहा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. सहाही जण शंभर दिवसांच्या आत गेले. पुढे ल्युकेमिया झालेल्या दोन मुलांना त्यांच्या जुळ्या भावंडांची मज्जा दिली. एकाच बीजातून झालेली जुळी, म्हणजे मज्जा तंतोतंत तीच. ती छान रुजली, रक्तपेशींचे काउंट वर आले, आणि काही महिन्यांत ल्युकेमिया परतला.

याच सुमारास, १५ ऑक्टोबर १९५८ रोजी, युगोस्लाव्हियातल्या विंचा इथल्या अणुभट्टीत अपघात झाला. किरणोत्साराने होरपळलेल्या सहा जणांना पॅरिसला आणले गेले. जॉर्ज माथे यांनी त्यातल्या पाच जणांना मज्जा दिली. ती देणारे फ्रेंच नागरिक होते, रोग्यांशी नाते नाही, भाषाही एक नाही. असले दान तोवर कुणी केले नव्हते आणि देणाऱ्यांना पुढे काय होईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हते. पाचांतले चौघे जगले. ते त्या मज्जेमुळे जगले की त्यांची स्वतःचीच मज्जा पुन्हा उठून उभी राहिली, यावर पुढे वाद झाला. देणाऱ्यांच्या धैर्याबद्दल वाद होण्याचे कारण नाही.

साठच्या दशकात मात्र सगळीकडे निराशाच होती. परकी मज्जा रुजत तरी नसे, किंवा रुजली तर यजमानाच्याच कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर उलटे. तोवर जगभर झालेल्या दोनशेएक प्रत्यारोपणांचा हिशेब १९७० साली मांडला गेला तेव्हा बहुतेक रुग्ण दगावलेले होते. अनेकांनी हा नाद सोडला. थॉमस यांनी तो सोडला नाही, पण माणसांवरचे प्रयोग जवळजवळ थांबवले आणि कुत्र्यांकडे वळले. त्यांच्यात जुळणी तपासली, नंतर कोणती औषधे द्यायची ते तपासले. माणसातल्या जुळणीची किल्ली पॅरिसच्या जाँ दोसे यांनी १९५८ साली हाती दिली होती. पांढऱ्या पेशींवरच्या ज्या खुणांवरून शरीर आपले-परके ओळखते, त्यातली पहिली त्यांनी शोधली. आज वॉर्डात आई-बाप ‘मॅच झाला का?’ असे विचारतात, ते या एचएलए नावाच्या खुणांबद्दल.

थॉमस १९६३ साली सिअॅटलला गेले. सोबत पत्नी डॉटी होत्या. पत्रकारितेचे शिक्षण सोडून त्या प्रयोगशाळेचे काम शिकल्या, पुढे सगळी कचेरी, सगळे कागद आणि नवऱ्याचा प्रत्येक निबंध त्यांच्या हाताखालून गेला. थॉमस यांना मज्जारोपणाचे जनक म्हणतात, तेव्हा त्या क्षेत्रातली माणसे डॉटींना जननी म्हणतात. नोबेल मात्र एकट्या जनकाला मिळाले, १९९० साली, मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी रोपण करणाऱ्या जोसेफ मरे यांच्या जोडीने. आम्हाला थॉमस यांच्या सगळ्या कामात १९७७चा निबंध सर्वांत मोठा वाटतो. इतर सर्व उपाय थकलेले शंभर रोगी, आणि त्यातले जिवंत राहिलेले तेरा. कुणाला वर्ष झालेले, कुणाला साडेचार वर्षे. सत्त्याऐंशी मृत्यू न लपवता त्यांनी हा आकडा मांडला. यशाचेच फोटो जाहिरातीत छापणाऱ्या आजच्या रुग्णालयांनी हा निबंध चौकट करून स्वागतकक्षात लावायला हरकत नाही. त्या तेरांमुळेच मग डॉक्टरांना कळले की शेवटच्या अवस्थेची वाट न पाहता आधीच, रोग आटोक्यात असताना रोपण करावे. तसे केल्यावर वाचणाऱ्यांचे प्रमाण पुष्कळ वाढले.

जुळ्यांचे कोडे उरलेच होते. तंतोतंत जुळणारी मज्जा मिळूनही रोग का परतला? याचे उत्तर १९७९ साली सिअॅटलच्याच नोंदींतून स्पष्ट झाले. ज्या रोग्यांच्या अंगावर दात्याची मज्जा उलटली होती, त्यांच्यात ल्युकेमिया परतण्याचे प्रमाण कमी होते. म्हणजे रोग बरा करण्यात किरणांचा वाटा होता तसा परक्या मज्जेचाही होता. तिच्यातल्या पांढऱ्या पेशी रोग्याच्या उरल्यासुरल्या बिघडलेल्या पेशी परक्या म्हणून ओळखतात आणि वेचून मारतात. जुळ्या भावाची मज्जा त्यांना आपल्याच समजून सोडून देते. माथे यांनी ही शक्यता आधीच बोलून दाखवली होती. मज्जा फार परकी असली तर जीव घेते, अगदीच आपली असली तर रोग सोडते. ज्या समाजात प्रत्येक व्यवहार सख्ख्या-परक्याच्या हिशेबाने चालतो, त्याने यावर घटकाभर थांबायला हवे.

या शोधानंतर चार वर्षांत मज्जारोपण मुंबईत पोचले. डॉ. सुरेश अडवाणी पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत होते. ते सिअॅटलला जाऊन हे शिकून आले आणि २० मार्च १९८३ रोजी परळच्या टाटा रुग्णालयात ल्युकेमिया झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली. देशातले हे पहिले यशस्वी मज्जारोपण. त्या वर्षाचा आपल्याला लॉर्ड्सवरचा क्रिकेट विश्वचषक आठवतो, हे स्वाभाविकच.

त्या मुलीला भाऊ होता आणि तो जुळला. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आजोबांच्या पिढीत घरात सहा-सात भावंडे असत, कुणी ना कुणी जुळण्याची आशा होती. आता घरात एक किंवा दोन मुले, तेव्हा जे एक भावंड आहे ते नाही जुळले की घरातली वाट संपते. मग उरतो अनोळखी माणूस. सिअॅटलमध्ये १९७९ साली दहा वर्षांच्या एका मुलीला असाच नात्याबाहेरचा दाता मिळाला, तोही थॉमस यांच्याच संस्थेच्या प्रयोगशाळेतला कर्मचारी, योगायोगाने जुळलेला. पुढे रोग परतला आणि ती दगावली, पण योगायोगावर दुसऱ्याचे मूल सोपवायचे नाही म्हणून तिच्या वडिलांनी धडपड केली आणि अमेरिकेतली दात्यांची राष्ट्रीय नोंदणी उभी राहायला त्यांचा हात लागला. लंडनमध्ये शर्ली नोलन यांनी १९७४ साली मुलगा अँथनीसाठी अशीच नोंदणी सुरू केली होती. अँथनीला दाता मिळाला नाही. त्याच्या नावाची नोंदणी आजही चालू आहे.

जगभरच्या नोंदण्यांत आता चार कोटींहून अधिक नावे आहेत. तरीही त्यात आपल्या माणसाला जुळणी सहजी सापडत नाही. एचएलएच्या खुणा वंशाबरोबर वाहतात आणि आपल्याकडे शतकानुशतके लग्ने जातीतल्या जातीत झाली. त्यामुळे आपल्या खुणांचे असंख्य लहान लहान गट पडले आहेत. युरोपीय वंशाच्या लोकांनी भरलेल्या यादीत न्यू जर्सीतल्या मराठी मुलाला शोधूनही कुणी मिळत नाही, त्याचा दाता बहुधा साताऱ्यात, अकोल्यात किंवा फोंड्यात असेल आणि त्याचे नाव कुठेच नोंदलेले नसेल. इथे जातीचा अभिमान किंवा तिटकारा दोन्ही कामाचे नाहीत. प्रत्येक समाजातली, भटक्या-आदिवासींतलीसुद्धा, पुरेशी माणसे यादीत नसतील तर ती यादी त्या समाजातल्या रोग्याला निरुपयोगी आहे.

अलीकडे अर्धी जुळणी असलेल्या आई-बापाचीही मज्जा चालते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी मज्जा दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुने, स्वस्त औषध देऊन उलटणाऱ्या पेशी नेमक्या मारण्याची युक्ती बसवली, आणि आपल्यासारख्या देशाला तिचा मोठा आधार झाला. काही प्रकारच्या ल्युकेमियात, विशेषतः सीएमएल नावाच्या प्रकारात, इमॅटिनिबच्या गोळीने रोपणाची गरजच बहुतांशी संपवली. म्हणून नोंदणीची गरज संपली असे नाही. आई-बाप आजारी असतात, वयस्कर असतात, कधी नसतातच. शिवाय खर्च लाखांत जातो. तो जमवून दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या फुटपाथवर महिनोन् महिने दिवस काढणाऱ्या कुटुंबाला ‘डोनर नाही’ हे वाक्य तरी ऐकावे लागू नये.

महाराष्ट्रात गणपतीत रक्तदान शिबिर न घेणारे मोठे मंडळ विरळा. त्याच मांडवात आणखी एक टेबल टाकता येईल. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, एक फॉर्म भरायचा, झाले. अठरा वर्षांपुढच्या निरोगी तरुण-तरुणींना हे करता येते. पण फोटोपुरती नावे नोंदवू नका, असे आम्ही मुद्दाम सांगतो. दात्याच्या होकारावर विसंबून रोग्याची मज्जा आधी जाळली जाते. त्यानंतर दाता फिरला तर मागे जायला रोग्यापाशी काहीच उरत नाही. नाव देण्यापूर्वी घरी बोला, कमरेचे हाड आणि पाठीचा कणा यांतला फरक आजीला समजावून सांगा, आणि मन कचरत असेल तर नाव देऊच नका.

नाव दिले तर जुळणीचा फोन लगेच येत नाही. बहुतेकांना तो कधीच येत नाही, काहींना आठ-दहा वर्षांनी येतो. तोवर नोकरी बदललेली असते, गाव बदललेले असते. मोबाइलचा नंबर बदलला की नोंदणी संस्थेला तेवढा कळवून ठेवा.