मुली खेळतात, पण किती दिवस?

दरवर्षी पावसाळा ओसरू लागला की महाविद्यालयांच्या कबड्डी स्पर्धा सुरू होतात. वर्तमानपत्राच्या जिल्हा पानावर अमुक महाविद्यालयाच्या मुली जिंकल्या अशी चार ओळींची बातमी येते, खाली प्राचार्य आणि क्रीडाशिक्षक यांच्यासह फोटो असतो. त्या बातमीत एक गोष्ट कधीच नसते. गेल्या वर्षीच्या फोटोतल्या किती मुली यंदाच्या फोटोत आहेत? माझ्या मते एखाद्या संघाचा हंगाम चांगला गेला की वाईट, हे ठरवण्याचा पहिला निकष हाच असायला हवा. चषक त्यानंतर.

समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण घेऊन मी महाड आणि पोलादपूर तालुक्यांत बचत गट, कौटुंबिक सल्ला आणि किशोरींचे गट असे काम करते. मी स्वतः कबड्डी खेळलेली नाही. आमच्या किशोरी गटातल्या मुली महाविद्यालयात गेल्या, त्यातल्या काही संघात निवडल्या गेल्या आणि 'ताई, घरी येऊन जरा बोला ना' असे निरोप येऊ लागले. कुणाला सामन्याला जाऊ देत नव्हते, कुणाला सरावाला. त्या निमित्ताने जे पाहिले आणि ऐकले, ते मैत्रिणींपुढे मांडावे म्हणून हा लेख.

रायगड हा कबड्डीचा जिल्हा. भातकापणी उरकली की गावोगावची मंडळे मैदाने आखतात आणि शिमगा ओलांडून थेट मे महिन्यापर्यंत रात्रीचे सामने चालतात. गिरणगावात कबड्डी रुजवणाऱ्यांतही कोकणातून पोटासाठी गेलेले गिरणी कामगार होते. पण गावातली ही मंडळे बहुतेक पुरुषांची. मैदानही त्यांचे, वर्गणीही त्यांची. बाया तिथे असतात त्या बाहेरगावच्या संघांसाठी भाकऱ्या भाजायला, किंवा दोरीच्या पलीकडे बसून सामना बघायला. मुलीला हक्काचे मैदान मिळते ते शाळेत आणि पुढे महाविद्यालयात. मुलाचा महाविद्यालयातला संघ सुटला तरी गावचे मंडळ असते. मुलीचा सुटला की तिचा खेळच संपतो. म्हणून महाविद्यालयाच्या मुलींच्या संघाकडे नुसता क्रीडा विभागाचा विषय म्हणून पाहणे मला पटत नाही.

आता हा हंगाम कसा जातो ते पाहू. जुलैमध्ये प्रवेश चालू असतात तेव्हा शेतात लावणी असते आणि याच दिवसांत सावित्री-गांधारीला पूर येतो. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होते, त्याच संध्याकाळी तळिये येथे दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसे गेली. त्या पावसापासून आमच्याकडची कित्येक घरे जुलै महिना जीव मुठीत धरून काढतात. मैदानावर चिखल. ऑगस्टच्या शेवटी एकदाची निवड होते, बारा जणींची नावे लागतात आणि जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या सरावावर संघ स्पर्धेला जातो. सामने ऐन रंगात येतात तेव्हा ऑक्टोबर उजाडतो आणि घरी कापणी निघते. ज्या घरात कर्ता पुरुष मुंबईला किंवा एमआयडीसीत कामाला आहे, तिथे कापणी आई आणि मुलीच्याच जिवावर असते. मग मुलगी सरावाला आली नाही की तिच्या नावापुढे 'अनियमित' असा शेरा पडतो. हा शेरा मारणाऱ्याने तिच्या घरचे खाचर पाहिलेले नसते.

दुसरी गोष्ट एसटीची. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट झाले. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत आणि त्यासाठी झालेल्या प्रयत्नांचे मोल कमी लेखू नये. पण तिकीट अर्धे झाल्याने गाडी येत नाही. सराव संध्याकाळी, कारण दिवसा तासिका. डोंगरातल्या वाडीची शेवटची गाडी सराव संपण्याआधी सुटते. मग मुलीपुढे तीन वाटा उरतात. अर्धा सराव टाकून निघणे, कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसणे, नाहीतर खेळ सोडणे. दुसऱ्या वाटेने गेलेल्या मुलीविषयी गावात काय बोलले जाते, हे तुम्हाला सांगायला नको. परिणामी संघात शहरात किंवा हमरस्त्यालगत राहणाऱ्या मुली टिकतात. गुणांची निवड होण्याआधीच एसटीच्या वेळापत्रकाने एक निवड करून टाकलेली असते. आदिवासीवाडी, धनगरवाडी आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीतल्या मुली त्या निवडीतच गळतात.

आता निवडीच्या पुढच्या पायरीकडे येऊ. चांगली चढाई करणारी किंवा कोपरा घट्ट धरणारी मुलगी जिल्ह्याच्या सामन्यांत दिसली की मुंबई-पुण्याच्या संघांचे मार्गदर्शक तिच्याबद्दल चौकशी करतात. हे वाईट नाही, उलट मुलींच्या खेळाला त्याची फार गरज आहे. पण ही बोलणी कशी होतात? मुंबईचे सर इथल्या सरांशी बोलतात, सर मुलीच्या वडिलांशी बोलतात आणि वडील चुलत्यांशी. मुलीला शेवटी निर्णय कळतो. राहायचे कुठे, खर्च कुणाचा, शिक्षणाचे काय, दुखापत झाली तर दवाखान्याचे कोण पाहणार, यातले काहीच कागदावर नसते. लग्न ठरवताना जशी चारचौघांत बैठक बसते आणि नवरी आतल्या खोलीत असते, तशीच ही बैठक.

आमच्या गटातल्या एका मुलीच्या बाबतीत अशी विचारणा आली. तिच्या आईशी मी बोलायला गेले. आई म्हणाली, 'ताई, पोरगी चांगली खेळते हे मला पण दिसतं. पण गुडघा मोडला तर कोण करून घेईल तिला?' या प्रश्नावर हसू नये. ज्या समाजात मुलीच्या शरीराची किंमत लग्नाच्या बाजारात ठरते, तिथे पकड करताना गुडघा दुखावण्याचा धोका आईला वेगळाच दिसतो. मी त्यांना दुखापत, उपचार, विमा याविषयी सांगू लागले, तेव्हा माझ्या लक्षात आले की विमा आहे का हे संघातल्या कुणालाच सांगता येत नव्हते. आईची भीती अडाणी नव्हती. तिला उत्तर देण्याची ज्यांची जबाबदारी, त्यांनी उत्तर तयार ठेवले नव्हते. ती मुलगी गेली नाही. पुढच्या मे महिन्यात तिचे लग्न झाले.

'खेळलीस तर नोकरी लागेल' असे मुलींना सांगितले जाते. यात खरे किती? महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांतून मुलींना नोकऱ्या मिळालेल्या आहेत. लोअर परळच्या सोनाली शिंगटेचे वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालवणारी. ती महाविद्यालयातून खेळत खेळत पश्चिम रेल्वेत गेली आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत भारतासाठी रौप्यपदक घेऊन आली. २०१२ मध्ये पाटण्याला स्त्रियांचा पहिला विश्वचषक भारताने जिंकला, तेव्हा महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के संघात होत्या आणि राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये जाहीर केले. ही उदाहरणे मुलींना जरूर सांगावीत. पण आरक्षणासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धेतील कामगिरीचे प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी लागते. विभागीय सामन्यात उपान्त्य फेरी गाठलेल्या मुलीला त्यातून काही मिळत नाही. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ पासून चालू आहे, खेळाडूंवर लाखांच्या बोली लागतात. स्त्रियांसाठी २०१६ मध्ये तीन संघांची एक छोटी मालिका झाली, तिचा दुसरा हंगाम काही झाला नाही. शिडी आहे, पण अरुंद आहे. बारा जणींच्या संघातली एखादी वर चढेल. उरलेल्या अकरा जणींचे खेळणे म्हणून फुकट गेले का? मी म्हणते, नाही. दम धरून सात जणींच्या अंगणात एकटीने शिरायचे आणि मध्यरेषेला हात लावून परत यायचे, हे ज्या मुलीने केले आहे ती पुढे ग्रामसभेत उठून बोलायला कमी कचरते, असा माझा अनुभव आहे. नोकरी मिळो न मिळो, खेळणे हा तिचा हक्क आहे.

मार्गदर्शन हा तिसरा प्रश्न. मुलींचे संघ आणि मार्गदर्शक पुरुष, हे चित्र इतके सवयीचे झाले आहे की ते कुणाला खटकत नाही. यातले अनेक शिक्षक पदरमोड करून मुलींना घडवतात, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. पण पाळीच्या दिवसांत सराव कसा करावा, रक्त कमी असलेल्या मुलीने काय खावे, चड्डी घालून खेळायला लाजणाऱ्या मुलीला कसे समजवावे, हे प्रश्न सरांपर्यंत पोहोचतच नाहीत. मुली सरळ गैरहजर राहतात. आणि बायांना मार्गदर्शन जमत नाही असे कुणी म्हणत असेल, तर त्याला नाशिकच्या शैलजा जैन यांचे नाव सांगावे. आयुष्यभर कबड्डी शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंना इराणने आपल्या मुलींचा संघ सोपवला. २४ ऑगस्ट २०१८ ला जाकार्तात त्यांच्या संघाने अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असे हरवून सुवर्णपदक नेले. स्त्रियांची कबड्डी २०१० मध्ये आशियाई स्पर्धेत आली तेव्हापासून भारताने ते पदक गमावले नव्हते. हांगचौ येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये भारताने ते एका गुणाने परत मिळवले. आपल्या मातीतले ज्ञान परक्या देशाने ओळखले. आपल्याकडे संघातून बाहेर पडलेल्या किती मुलींना पुढे मार्गदर्शक होण्याचे शिक्षण घे असे कुणी सांगते?

याच्याशी जोडलेला प्रश्न सुरक्षिततेचा. निवड, प्रमाणपत्र, प्रवास, मुक्काम हे सगळे जेव्हा एका माणसाच्या हाती असते, तेव्हा मुलगी काही वावगे घडले तरी बोलत नाही. जानेवारी २०२३ मध्ये देशातल्या नामवंत कुस्तीगीर मुलींना जंतरमंतरवर बसावे लागले. पदके मिळवलेल्यांची ही गत, तर तालुक्याच्या मुलीची काय? कायदा मात्र आपल्या बाजूने आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, मैदान, स्पर्धेचे ठिकाण आणि सराव शिबिर हे सारे 'कामाच्या ठिकाणा'त येते. विद्यार्थिनींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत, त्यानुसार महाविद्यालयात अंतर्गत समिती हवी. खेळाडू अठरा वर्षांखालची असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागू होतो. समितीची नावे फलकावर असतात, पण संघ बाहेरगावी निघतो तेव्हा त्यातली एकही बाई बरोबर नसते.

आपल्याच काही मैत्रिणी विचारतात, पाणी, दारू, मारहाण, हुंडा एवढे प्रश्न असताना कबड्डी कशाला? मी उलटे विचारते. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला जी माणसे गेली, ती फक्त तहान भागवायला गेली होती का? सार्वजनिक जागेवर आपला हक्क आहे हे सांगायला गेली होती. मैदान हीसुद्धा सार्वजनिक जागा आहे, आणि संध्याकाळी सात वाजता तिथे मुलगी निर्धास्त असू शकते की नाही, यावरून त्या गावात बाईची जागा कुठे आहे ते कळते. जी मुलगी खेळ सोडते तिचे लग्न लवकर ठरते, हे मी वारंवार पाहिले आहे. संघ टिकला तर दोन-तीन वर्षे टिकतात. त्या दोन-तीन वर्षांत पदवी पूर्ण होते. मारहाणीची केस माझ्याकडे येते तेव्हा या दोन-तीन वर्षांची किंमत मला कळते.

म्हणून स्थानिक गटांनी काही कामे हाती घ्यावीत असे मला वाटते. आगाराच्या व्यवस्थापकांना निवेदन देऊन सरावानंतरची एक गाडी मागावी. महाविद्यालयाकडे लेखी विचारावे की संघाचा विमा आहे का, बाहेरगावी बाई-शिक्षक जाते का, समितीची बैठक कधी झाली. बाहेरच्या संघाकडून बोलावणे आले तर राहणे, खर्च, शिक्षण आणि उपचार कागदावर घ्यावेत आणि बोलणी मुलीच्या समोर व्हावीत. लग्न झालेल्या जुन्या खेळाडूंना शोधून काढावे, त्यांच्यातून मार्गदर्शक तयार होतील. कापणीच्या आठवड्यात बचत गटातल्या बायांनी एकमेकींच्या शेतावर पडजी घालून एखाद्या मुलीला मोकळे करावे, हे तर आपल्या हातातले आहे. ८ मार्चला संगीत खुर्ची आणि रांगोळीबरोबर बायांचा एक कबड्डी सामना ठेवावा, मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद आखावे, आणि मंडळाच्या पुरुषांना दोरीपलीकडे बसवावे.

आणि प्रत्येक गटाने आपल्या जवळच्या महाविद्यालयात जाऊन गेल्या वर्षीच्या बारा जणींची यादी मागावी. त्या आज कुठे आहेत हे एकेकीच्या घरी जाऊन विचारावे. चषकाच्या कपाटात न सापडणारा त्या हंगामाचा निकाल त्या यादीत सापडेल.