लोकांना काय कळतं!

गेल्या वर्षी आमच्या गावच्या एका उत्सव समितीपुढे मी एक साधी सूचना मांडली. शाळेतल्या मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरणारच होते. त्याच दालनात एका संध्याकाळी चार व्हायोलिनवाले बोलवावेत आणि युरोपातले बरोक काळचे जुने संगीत ऐकावे, एवढेच माझे म्हणणे. समिती मनमुराद हसली. एक सद्गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हे बीड हाय. आपल्या लोकायला काय कळतंय त्यातलं?" सूचना तिथेच बारगळली. उत्सवाच्या रात्री चौकात ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहिली आणि माझ्या घरातली भांडी मांडणीवर थरथरू लागली. ते मात्र सर्वांना कळले असावे!

वाचकहो, मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. संगीताचा पंडित नव्हे. पण ‘लोकांना कळत नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. ते बोलणारा स्वतःला कधीच त्या लोकांत धरीत नाही.

हे संगीत आहे तरी काय? साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतले. त्यातले चेंबर संगीत म्हणजे खोलीत बसून वाजवायचे संगीत. वाजवणारे तीन, चार, फार तर आठ-दहा. व्हायोलिनला आतड्याच्या तारा. जोडीला हार्पसिकॉर्ड. ते दिसते पियानोसारखे, पण त्यात तारेवर हातोडी पडत नाही, तार छेडली जाते. आवाज लहान, म्हणून ऐकणाऱ्याने जवळ येऊन बसायचे. हार्पसिकॉर्डवाल्यापुढे पुष्कळदा नुसती खालच्या सुरांची ओळ आणि काही आकडे लिहिलेले असतात. बाकीचे त्याने बसल्या बैठकीला भरायचे. कीर्तनात बुवांचा सूर धरून भरणा करणारा आपला पेटीवाला ज्याने पाहिला आहे, त्याला हा माणूस परका वाटेल काय? आपल्याकडे एक सूर पुढे चालतो, त्यांच्याकडे दोन-तीन सूर एकमेकांशी बोलत चालतात, हा भेद खरा. पण बोलणे कानांनी ऐकता येते. त्याला पदवी लागत नाही.

आणि हे संगीत केवळ राजवाड्यांतले, असेही नव्हे. विवाल्डी १७०३ साली व्हेनिसच्या ‘पिएता’ या अनाथालयात व्हायोलिन शिकवू लागला. टाकून दिलेल्या मुली तिथे वाढत आणि त्यांचे वादन ऐकायला दूरदूरचे लोक येत. बाख १७२३ पासून लाइपझिगच्या एका शाळेत संगीताचा मास्तर होता. म्हणजे माझ्याच पेशातला!

विवाल्डीच्या ‘चार ऋतू’ या रचना १७२५ साली छापल्या गेल्या. त्यांतल्या ‘उन्हाळ्या’त आधी अंग भाजणारी उष्णता आहे, मग ढगांची गडगड, आणि शेवटी गारपीट. उभ्या पिकाची कणसे तोडणारी गारपीट! २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने जे भोगले, तेच. काढणीला आलेला गहू ज्याने डोळ्यांदेखत आडवा झालेला पाहिला, त्याला ही गारपीट कळणार नाही आणि मुंबईच्या गार दालनात बसलेल्याला कळेल, हा कुठला न्याय?

‘पण ते परदेशी’, असे काहीजण म्हणतील. मग लग्नातला बँड कुठला? आपली पेटी कुठली? व्हायोलिन तर बाळुस्वामी दीक्षितरांनी कर्नाटक संगीतात आणल्याला सुमारे दोनशे वर्षे झाली. गोव्याच्या चर्चमधल्या शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सुरांचे वाचन शिकवले. तिथले वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात शिरले. अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. सलिल चौधरींनी १९६१ च्या ‘छाया’ चित्रपटातले एक गाणे मोत्सार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून बांधले. मोत्सार्ट बरोकच्या नंतरचा, हे मान्य. पण आमचे ते सद्गृहस्थ तेच गाणे दाढी करताना गुणगुणतात!

गोव्यात ओरिएंत फाउंडेशनने जुन्या गोव्याच्या टेकडीवरील मोंती कपेलात संगीत महोत्सव भरवला, त्यात भारतीय आणि पाश्चात्त्य अशी दोन्ही संगीते एकाच अंगणात नांदली. त्याच संस्थेने पणजीत आंतोनियो शाविएर त्रिंदाद (१८७०–१९३५) या चित्रकाराची चित्रे लोकांसाठी मांडली. चित्र आणि हे संगीत यांची सोयरीक स्वाभाविक आहे. दोघांच्याही जवळ जावे लागते, दोघांपुढेही गप्प बसावे लागते. मात्र शहरांतल्या काही प्रदर्शनांत वादक कोपऱ्यात वाजवतात आणि पाहुणे सरबताचे पेले घेऊन गप्पा मारतात, तसली सोयरीक मला नको. ते संगीत नव्हे, उदबत्ती झाली.

आपल्याला तर हे नवेही नाही. अंबाजोगाईला दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे चाळीस फूट लांबीचे कापड, त्यावर ‘पंचीकरण’ लिहिलेले, आकृत्या काढून समजावलेले. गहन वेदान्त सोळाव्या-सतराव्या शतकात याच मातीत कापडावर मांडला गेला. ‘लोकांना काय कळतं’ असे दासोपंत म्हणाले असते, तर ते कापड कोरेच राहिले असते.

समितीने नाकारल्यावर मी माझ्या वर्गात पाचवीच्या मुलांना त्या ‘उन्हाळ्या’चा शेवटचा भाग मोबाइलवर ऐकवला. नाव सांगितले नाही, ऋतूही सांगितला नाही. ऐका आणि चित्र काढा, एवढेच सांगितले. कोणी पळणारा घोडा काढला, कोणी एस.टी. एका मुलीचे आईबाप दर वर्षी ऊसतोडीला जातात. तिने काळे आभाळ काढले, खाली आडवी झालेली ज्वारी, आणि मधे पांढरे ठिपके. मी विचारले, "हे काय गं?" ती म्हणाली, "गारा, गुरुजी."

ते चित्र मी जपून ठेवले आहे. यंदा समितीपुढे पुन्हा तीच सूचना मांडणार आहे, आणि या वेळी ते चित्र टेबलावर ठेवूनच बोलणार आहे. कळण्याचा प्रश्न त्या मुलीने सोडवला आहे. आता समितीने खर्चाचे तेवढे बघावे.